सुलतान बाजारचे तीन बोये, भीमिलीचा समुद्र

आमचं दुकान सुलतान बाजारात आहे, आणि हैदराबादहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र गाठायला दिवस घालवावा लागतो. तरीही यंदाच्या थंडीत आमच्या दुकानाच्या फळीवर तीन पिवळे बोये, समुद्रावर तरंगत ठेवायचे पिंप, येऊन बसले. आम्ही जमीन मोजायची यंत्रं दुरुस्त करतो. सासऱ्यांनी सुरू केलेलं दुकान, आता मी आणि आमचे विनायकराव चालवतो. तालुक्यातालुक्यातून मोजणीदार येतात, रुसलेली यंत्रं ठेवून जातात, पंधरा दिवसांनी हसत घेऊन जातात. त्यात हे बोये म्हणजे म्हशींच्या गोठ्यात बदकं आल्यासारखं दिसत होतं.

पार्सल विशाखापट्टणमहून आलं होतं, माझ्यामुळे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला स्कूबा डाइव्हिंगचं वेड लागलं, ते तिथेच, अप्पलराजू नावाच्या प्रशिक्षकाकडे. कोळ्याचा मुलगा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतो. पाण्याखाली दिशा कशी ठेवायची हे त्यानेच शिकवलं. मनगटावर होकायंत्र, पायांचे फटके मोजायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. जीपीएस तिथे चालत नाही, कारण उपग्रहाचा संदेश पाण्यात शिरतच नाही. त्यावर उपाय म्हणून हे बोये असतात. वर पाण्यावर तरंगतात, डोक्यावर जीपीएस, पोटाखाली एक भोंगा. प्रत्येक बोया दर दोन सेकंदांनी पाण्यात आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि त्या आवाजातच "मी अमुक जागी आहे" हे सांगतो. डाइव्हरच्या हातातलं यंत्र तिन्ही हाका ऐकतं, कुठली किती उशिरा आली ते बघतं आणि तुम्ही कुठे आहात ते पडद्यावर दाखवतं.

अप्पलराजूने कुणाकडून तरी जुने घेतलेल्या या बोयांत खारं पाणी शिरलं होतं. आतल्या जीपीएसच्या सर्किटच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. विनायकरावांनी त्या काढून फेकल्या आणि मोजणीच्या यंत्रांतल्या चांगल्या पट्ट्या बसवल्या. मग आठवडाभर तिन्ही बोये नल्लकुंट्यातल्या आमच्या गच्चीवर उभे. शेजारच्या काकूंनी विचारलं की पाण्याच्या नव्या टाक्या घेतल्या का. गच्चीवर बोये असे काही नेमके चालले की विनायकराव जेवताना उठून जाऊन आकडे बघून यायचे. एवढं झाल्यावर पार्सल करायची त्यांची छातीच होईना. "पार्सल नक्को," ते म्हणाले, "आपण घेऊन जाऊ." पोहता न येणारा माणूस हे म्हणाला, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

खरं कारण दुसरंही होतं. अप्पलराजूचे वडील नूकय्या, भीमिलीचे जुने कोळी, वय सत्तरीच्या पुढे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आणि गावातल्या तिघांनी किनाऱ्यावर सिमेंटच्या बारा चौकटी ओतल्या आणि नावांतून नेऊन समुद्रात सोडल्या, मासे घर करतील म्हणून. जागा लक्षात ठेवली ती कोळ्यांच्या रीतीने, किनाऱ्यावरच्या दोन खुणांच्या जोड्यांनी. एक, टेकडीचा खांदा देवळाच्या शिखरावर बरोबर बसला पाहिजे. दोन, ताडांचा झुपका मागच्या धुराड्याच्या रेषेत आला पाहिजे. दोन रेषा जिथे कापतात तिथे चौकटी. पुढे वादळ आलं, ताड पडले, आणि धुराड्यासमोर पंधरा मजली इमारत उभी राहिली. उरली एकच रेषा. एका रेषेवर माणूस किती दूरवर शोधणार. गाव म्हणू लागलं की म्हाताऱ्याने चौकटी चुकीच्या जागी टाकल्या, वाळूने गिळल्या. आता नव्या चौकटी टाकायच्या की नाही हे ठरवायला नाववाल्यांची बैठक रविवारी संध्याकाळी होती. पहिल्या सापडल्या आणि त्यांत मासे असले तरच नव्या. नूकय्यांची नजर अंधुक होत चालली होती आणि आपला शब्द खरा होता की नाही एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

शुक्रवारी पहाटे पाचला नल्लकुंट्यातून निघालो. मागच्या सीटवर तीन बोये, सीटबेल्ट लावून. एल.बी. नगर ओलांडलं की विजयवाड्याचा रस्ता मोकळा होतो, तिथपर्यंत मात्र पाचलाच निघा, सातला निघालात तर तास गेलाच म्हणून समजा. सूर्यापेटला नाश्ता केला, पेसरट्टू, म्हणजे मुगाचा हिरवा डोसा, आल्याच्या चटणीबरोबर. दोघांचं चहासकट अडीचशेच्या आत झालं. दुपारी विजयवाड्याच्या पुढे केळीच्या पानावर जेवण, गरम भातावर तूप आणि गोंगुऱ्याची चटणी. गाडी चालवणाऱ्याने दुसऱ्यांदा भात घेऊ नये, हा माझा अनुभवाचा सल्ला. टोल फास्टॅगमधून जातो, जाऊनयेऊन अडीच-तीन हजार तरी धरून चाला.

राजमहेंद्रवरमला गोदावरीच्या पुलावर विनायकरावांनी गाडी हळू केली. आमचं मूळ गाव नांदेडकडचं, तिथली गोदावरी उन्हाळ्यात चालत ओलांडता येते. इथे दुसरा किनारा दिसायला डोळे बारीक करावे लागतात. आपल्याच घरची मुलगी सासरी इतकी मोठी झालेली बघावी तसं वाटलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास विशाखापट्टणम. राहायला ऋषिकोंड्याच्या पुढे, भीमिलीच्या वाटेवर साधं लॉज घेतलं, खोली अठराशे, खिडकीत समुद्र. विमानाने का गेलो नाही असं कुणी विचारेल, तर एक तर बोये, आणि दुसरं म्हणजे डाइव्हिंगनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. परतीचं तिकीट काढताना हे लोक विसरतात.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावर अप्पलराजू नाव घेऊन तयार होता. नावेत नूकय्या आधीच बसलेले, पांढरा पंचा, काठी आडवी मांडीवर. विनायकरावांना अप्पलराजू बावगारू म्हणतो, अक्काचा नवरा म्हणून. बावगारूंनी आल्याचा तुकडा तोंडात धरला होता, तरी पहिल्या दहा मिनिटांत ते नावेच्या कडेला ओणवे झाले. नूकय्यांनी एका हाताने त्यांचा सदरा मागून धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने मुलाला दिशा दाखवत राहिले. टेकडीचा खांदा शिखरावर बसला आहे का, हे ते आता मुलाला विचारून घेत होते. पाणी आठ वाव खोल लागलं पाहिजे, म्हणजे चौदा-पंधरा मीटर, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. तिथे नांगर टाकला आणि तिन्ही बोये दोरीला दगड बांधून सोडले.

आमचा बेत शेतमोजणीचाच होता. टेकडीच्या रेषेला धरून, तिच्या दोन्ही बाजूंना, दक्षिणेकडून उत्तरेकडे एकशेवीस मीटरच्या पट्ट्या, तीन-चार मीटर सोडून एकेक. मी हातातलं यंत्र बघत रेषेवर राहायचं, अप्पलराजूने तळ बघायचा. इथल्या पाण्यात फार लांबचं दिसत नाही, चांगल्या दिवशी आठ मीटर, त्या दिवशी तीन. अशा पाण्यात कुठे बघून झालं आणि कुठे नाही हे कळणं हेच सगळं काम. खाली उतरले, पडदा उजळला, त्यावर मी म्हणजे एक हिरवा ठिपका. इतकी वर्षं पाय मोजत अंदाजाने पोहलेल्या बाईला आपली जागा अशी समोर दिसणं म्हणजे काय, ते मी लिहून सांगू शकत नाही. पहिली पट्टी सरळ झाली. तळावर वाळू, एक ट्रकचा टायर, टायरात बसलेला एक रागीट मासा. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या पट्टीवर, म्हणजे पडद्याप्रमाणे सोळा मीटर उत्तरेला, पुन्हा टायर. त्यातही रागीट मासा.

या समुद्रात ट्रकचं गॅरेज आहे की काय, असं मला वाटलं. अप्पलराजूने टायरावरची चीर बोटाने दाखवली. तीच चीर मी पहिल्यांदाही बघितली होती. आम्ही त्याच जागी परत आलो होतो आणि यंत्र शपथेवर सांगत होतं की नाही.

वर आल्यावर मी ते विनायकरावांना सांगितलं. आधीच पिवळा पडलेला चेहरा पांढरा झाला. हे होऊच शकत नाही, ते म्हणाले, गच्चीवर आठ दिवस बघितलं आहे, बोटभरही फरक नव्हता. मी चिडले. गच्चीवर टायर नव्हता, असं मी म्हणाले, आणि ते जरा जास्तच झालं. अप्पलराजू बापाकडे बघायचं टाळत होता. मग नूकय्यांनी काठी नावेच्या लाकडावर हलकेच वाजवली आणि मला जवळ बोलावलं.

"अम्मा," ते तेलुगूत म्हणाले, "तुम्ही पाण्यात गेलात तेव्हा ऊन माझ्या उजव्या गालावर होतं. आता डाव्यावर आहे. एवढ्यात सूर्य फिरत नाही, नाव फिरली. मग तुमचे पिवळे जागेवर कसे राहतील?"

मी ते मराठीत सांगितलं. विनायकराव बोयांकडे बघत राहिले. सकाळी जिथे सोडले तिथून तिन्ही प्रवाहाबरोबर दक्षिणेला सरकले होते. दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा लांब ठेवावी लागते, नाहीतर लाट बोयाला बुडवते, आणि लांब दोरीवर बोया नांगराभोवती फिरणारच. फिरला तरी बिघडत नाही, त्याने फक्त आता मी इथे आहे असं दरवेळी खरं सांगितलं पाहिजे. पण विनायकरावांनी बसवलेल्या पट्ट्या मोजणीच्या यंत्रांतल्या. त्या एका जागी बसतात, मापं घेत राहतात आणि सगळ्यांची सरासरी काढतात. जमिनीवर जितका वेळ थांबाल तितका बिंदू नेमका. आमच्या धंद्याचा हा पहिला धडा आहे. बोया पंधरा मीटर सरकला तरी आतली पट्टी इमानदारीने सरासरी काढत होती आणि आपण सकाळच्याच जागी आहोत असं सांगत होती.

"मी बोयाला मोजणीचा दगड समजलो, सुलू," ते म्हणाले. "चाळीस वर्षं दगड बघितलेत ना."

ही चूक समुद्राकाठच्या कुणीही केली नसती. ती करायला सुलतान बाजारात दुकान असावं लागतं, आणि हाताखालून जाणारं प्रत्येक यंत्र बोटभर फरकही सहन न करणाऱ्या माणसाने दुरुस्त केलेलं असावं लागतं. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच गेला.

दुपारी लॉजच्या व्हरांड्यात त्यांनी तिन्ही बोये उघडले. लॅपटॉप लावून सरासरी बंद केली. हात जड झाला होता त्यांचा, मला दिसत होतं, नेमकं चालणारं काहीतरी मुद्दाम ढिलं करायचं म्हणजे त्यांना अंगावरचं कापड फाडल्यासारखं. आता प्रत्येक बोया दर हाकेला ताजी जागा सांगणार होता, मीटरभर इकडेतिकडे का असेना. खात्रीसाठी त्यांनी एक बोया दोरीला बांधून व्हरांड्यातून अंगणात चालवत नेला आणि मी लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलं. ठिपका त्यांच्याबरोबर चालत होता. अंगणातल्या कुत्र्यालाही ते आवडलं. संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्यावर वंजरम, म्हणजे सुरमई, तव्यावर तळलेली खाल्ली. दोघांना पुरून उरली. विनायकरावांनी तीन तुकडे खाल्ले आणि मग म्हणाले की उद्या सकाळी काही खाणार नाही.

रविवारी हाती एकच सकाळ होती, म्हणजे दोन डाइव्ह. पहिल्यात टायर एकदाच आला. त्या टायराचा मला एवढा आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पट्ट्या सरळ पडत गेल्या, सहा झाल्या, वाळू आणि वाळू. तासभर नावेत विश्रांती घेतली. नूकय्यांनी डब्यातला भात आम्हाला दिला आणि स्वतः खाल्ला नाही. सापडलं नाही तर संध्याकाळी हा माणूस बैठकीत कुठे बघून बसणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या डाइव्हच्या तिसऱ्या पट्टीवर आधी मासे आले. वाळूवर आतापर्यंत तुरळक दिसले होते, आता पिवळ्या पट्ट्यांचे शेदोनशे, समोरून भिंत यावी तसे. ते बाजूला झाले आणि मागे चौकट उभी होती. शेवाळ, शिंपले, लाल-जांभळं काही काही इतकं माखलेलं की सिमेंट दिसतच नव्हतं. अप्पलराजूने तिला हात लावला आणि तसाच राहिला. त्याच्या तोंडातून बुडबुडे येणं क्षणभर थांबलं, आणि प्रशिक्षक असूनही तो श्वास रोखून धरायची चूक करतोय, हे मी बघितलं. मग आम्ही मोजल्या. नऊ उभ्या, दोन कललेल्या, एक अर्धी वाळूत. बारा.

वर आले तेव्हा नळी तोंडातून काढायच्या आधीच मी हात हलवत होते. नूकय्यांनी एकच विचारलं, मासे आहेत का. मी रंग सांगितला, आकार सांगितला, किती लांब ते हाताने दाखवलं आणि मग आठवलं की त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांचाच हात धरून त्यावर माप दाखवलं. त्यांनी एकेका माशाचं नाव घेतलं. विनायकरावांनी पडद्यावरची जागा टेकडीच्या रेषेशी ताडून बघितली. नुसत्या डोळ्यांनी, हलत्या नावेतून, सहा वर्षांपूर्वी धरलेली रेषा आणि चौकटी यांत नऊ मीटरचं अंतर निघालं. "जमिनीवर यंत्र घेऊन याच्याहून जास्त चुकणारी माणसं माझ्या दुकानात येतात, त्यांना सांग," ते मला म्हणाले, आणि मी ते शब्दशः सांगितलं. म्हातारा पहिल्यांदा हसला.

मग त्यांनी आम्हाला परतू दिलं नाही. नाव बरोबर चौकटींच्या वर आणायला लावली आणि मला म्हणाले की किनाऱ्याकडे बघ आणि काय कशाच्या मागे उभं आहे ते एकेक सांग. मी सांगत गेले, ते नको नको करत गेले. रंग बदलेल, झाड पडेल, बोर्ड काढतील. शेवटी मी त्या पंधरा मजली इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर आले, ती बरोबर मागच्या डोंगरातल्या खडकाच्या कड्यावर बसत होती. ज्या इमारतीने त्यांची खूण खाल्ली तीच आता खूण झाली. त्यांनी ती अप्पलराजूकडून तीनदा म्हणवून घेतली. विनायकरावांनी वहीत लिहून घेतली, आमच्याकडे मोजणीचा दगड कुठे आहे त्याचं वर्णन लिहितात तशी.

संध्याकाळच्या बैठकीला आम्हालाही बोलावलं. पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं, चहाचे छोटे ग्लास. एकाने विचारलं की शहरातलं हे यंत्र खरं सांगतं कशावरून. मी उत्तर द्यायला उठणार तोच विनायकराव उभे राहिले आणि त्यांच्या मोडक्या तेलुगूत म्हणाले की काल ते खोटं सांगत होतं, चूक माझी होती, आणि ती नूकय्यागारूंनी पकडली. मी मनात कपाळावर हात मारला. पण सगळ्यांनी नूकय्यांकडे वळून बघितलं. त्यानंतर फार बोलणं झालंच नाही. नव्या चौकटी टाकायच्या ठरल्या, जागा नूकय्या सांगतील तिथे. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आमच्या माणसाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि तो बोये चालले म्हणून नव्हता.

सोमवारी त्याच रस्त्याने परत. अण्णावरमला पानात बांधलेला गव्हाच्या रव्याचा प्रसाद घेतला, तो हैदराबादपर्यंत टिकला नाही. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा, दोन डाइव्हचे पाच-सहा हजार आणि नावेचे वेगळे लागतील, डॉक्टरचा दाखला आधी काढा. पोहता येत नसेल तर नावेत बसा, तिथेही काम असतं. बोये अप्पलराजूकडे ठेवून आलो. आमची मुलगी हे वाचणार नाही, तिला मराठी बोलता येतं, वाचायचा कंटाळा येतो, तिला मी सगळं तोंडी सांगितलं. तिने फक्त बाबांना उलट्या किती झाल्या ते विचारलं.

महिन्याभराने दुकानात असताना अप्पलराजूचा फोन आला. नव्या चौकटी टाकून झाल्या होत्या, जुन्यांच्या शेजारी. जागा शोधायला बोये नेले का, असं विनायकरावांनी विचारलं. नाही, तो म्हणाला. टेकडीचा खांदा आणि पाण्याची टाकी धरून गेलो, नांगर टाकला, उतरलो तो पहिल्या चौकटीवर. बोये घरी कोपऱ्यात आहेत, नान्नांनी, म्हणजे नूकय्यांनी, त्यांच्यावर पंचा वाळत घातलाय.

फोन ठेवून विनायकराव समोरच्या मोजणीच्या लेव्हलकडे वळले. आठवडाभर गच्चीवर राखण केलेली यंत्रं, त्यांच्यावर पंचा. मी विचारलं, "अहो, वाईट वाटलं का?"

ते लेव्हलच्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडत होते. "सुलू, आपण दुरुस्त करून दिलेलं यंत्र पुन्हा आलंच नाही, तर आपण काय समजतो?"

"काम नीट झालं."

"हौ. मग झालं तर," ते म्हणाले. त्या दिवशी जो जो मोजणीदार दुकानात आला, त्याला त्याला त्यांनी स्टूल दिलं आणि भीमिलीच्या नूकय्यांची नऊ मीटरची गोष्ट सांगितली, सुरुवात प्रत्येक वेळी स्वतःच्या चुकीपासून करून, आणि मी शेजारी बसून प्रत्येक वेळी नव्याने ऐकली.